एक ओंडका, एक मेंढी

सन १८८४. डिसेंबरची आठ तारीख, सोमवार. हिवाळा कडक पडला होता. जर्मनीच्या डोंगरातले एक खेडे बर्फात कंबरेपर्यंत बुडाले होते. छपरे पांढरी, कुंपणे पांढरी, विहिरीचा रहाटसुद्धा पांढरा. धुराड्यांतून निघणारा धूर तेवढा निळा होता.

त्या गावात लाकडाची खेळणी करत. लेने नावाची सात वर्षांची मुलगी तिथे राहत होती. तिचे बाबा राइनहोल्ड कातारी होते. लाकूड चाकावर फिरवून त्यातून मेंढ्या काढायचे. कशा काढायचे ते ऐका. ओल्या लाकडाचे एक जाड गोल कडे घ्यायचे. ते चाकावर गरगर फिरवायचे आणि पटाशीने त्याला आतून-बाहेरून खाचा पाडायच्या. कडे तयार झाले तरी मेंढी कुठे दिसत नाही. नुसते वेडेवाकडे कडे दिसते. मग भोपळ्याच्या फाकी करतात तशा त्याच्या फाकी करायच्या. पहिली फाक सुटली की आत चार पाय, दोन कान आणि इवलीशी शेपटी. दुसरी फाक, दुसरी मेंढी. सगळ्या सारख्या. जणू कड्यात आख्खा कळप झोपलेला.

बाबांच्या मेंढीची मान किंचित खाली असे. गाव म्हणे, राइनहोल्डची मेंढी लाजते.

दरवर्षी आई-बाबा टोपल्या पाठीला लावून नाताळच्या बाजारांना जात. कडी न चिरताच नेत, म्हणजे वाटेत मेंढ्यांचे पाय मोडत नाहीत. आई ती बाजारात, मुलांसमोर चिरे. या वर्षी बाबांच्या हातावर पटाशी बसली. हात सुजला. म्हणून आई एकटी गेली. सहा तारखेच्या संत निकोलसच्या सणाआधी येते म्हणाली होती. सण होऊन गेला. आई आली नाही, निरोप आला नाही, आणि घाट बर्फाने बंद झाला. घरात थोडे बटाटे उरले होते. बाबा दिवसभर खिडकीशी उभे राहत.

लेने रानात काटक्या आणायला गेली. झाडे उंच होती, ज्यांची नाताळची झाडे करतात तीच. फांद्यांवर बर्फाचे गुबगुबीत उंदीर बसल्यासारखे दिसत होते. ऊन पडले की त्यात गुलाबी, जांभळ्या, पोपटी ठिणग्या लुकलुकत. लेनेने वाळक्या काटक्यांची मोळी बांधली. तेवढ्यात तिला एक छोटेसे रोप दिसले. तिच्या गुडघ्याएवढे. बर्फाच्या भाराने ते पार वाकले होते, त्याचा शेंडा जमिनीला टेकला होता.

लेनेने त्याच्यावरचा बर्फ हळूच झटकला. तरी ते उभे राहीना. तिने मोळी सोडली, त्यातली सर्वांत सरळ काठी रोपाशेजारी रोवली आणि मोळीच्या दोरीनेच रोप काठीला बांधले. आता काटक्या न्यायला दोरी उरली नाही. लेनेने फ्रॉकचा ओचा केला आणि ती त्यात मावतील तेवढ्या काटक्या भरायला लागली.

"उरलेल्या कशा नेशील?" कुणीतरी विचारले.

"परत येऊन नेईन," लेने म्हणाली, आणि मग तिने वळून पाहिले.

रोपाच्या शेंड्यावर एक परी बसली होती. अंगठ्याएवढी. झगा दहिवराचा, त्याला चंदेरी किनार. केस कोवळ्या पानांसारखे हिरवे. पंख इतके पातळ की त्यांतून पलीकडचे आभाळ दिसे. ती हलली की बारीक घुंगरू वाजल्यासारखे होई.

परी म्हणाली की हे रोप तिचे घर आहे, आणि घर सावरणाऱ्याला ती रिकाम्या हाताने पाठवत नाही. तिने शेजारच्या झाडाच्या शंकूसारख्या फळातून चार बिया काढल्या. प्रत्येक बीला मधाच्या रंगाचा एक नाजूक पंख होता. लेनेच्या तळहातावर त्या मंद चमकू लागल्या.

"तळहातावर ठेवायची, जागेचे नाव घ्यायचे आणि फुंकर घालायची," परी म्हणाली. "पण नियम आहेत, बाळ. बी दिवसाउजेडीच उडते. एक बी एकाच जिवाला नेते, तू जा नाहीतर दुसऱ्याला पाठव. आणि नाव जागेचे घ्यायचे, माणसाचे नाही. माणूस हलतो. जागा हलत नाही."

"म्हणजे आईकडे ने म्हटलं तर?"

"तर बी नुसतीच पडेल."

लेने ओचा सावरत घरी धावली. बाबांनी सगळे ऐकले. त्यांना आधी ते पटले नाही. मग त्यांनी तिच्या मुठीतला उजेड पाहिला आणि ते खाली बसले. मी जातो म्हणाले. पण त्यांच्या हातात ठेवताच बिया काळ्या पडल्या, लेनेच्या हातात पुन्हा उजळल्या. बाबांनी स्वतःचा लोकरी गळपट्टा तिच्या डोक्याभोवती गुंडाळला, दोन वेढे. खिशात एक लाजरी मेंढी दिली, ओळख पटावी म्हणून. आई सर्वांत आधी प्रागला जाणार होती, एवढे त्यांना ठाऊक होते.

"एक बी परत यायला ठेव," बाबा म्हणाले. "आई सापडो न सापडो. ऐकलंस?"

लेनेने मान हलवली. तळहातावर बी ठेवून ती म्हणाली, "प्रागचा नाताळ बाजार," आणि फुंकर घातली.

पाय टेकले ते दगडी चौकात. भोवती उंच घरे, लिंबाच्या रंगाची, डाळिंबाच्या रंगाची. मनोऱ्यांची टोके काळी आणि अणकुचीदार. चौकात लाकडी टपऱ्याच टपऱ्या. कुठे गवताच्या काडीचे तारे, कुठे लाल साखरेचे कोंबडे, कुठे मेणबत्त्यांचे घोस. मध्ये पाण्याने भरलेली मोठमोठी पिंपे होती आणि त्यांत सोनेरी पोटांचे जाडजूड मासे सुस्त फिरत होते. तिथली भाषा वेगळी, पण बी ज्या गावी नेई तिथली बोली कानाला कळत होती.

पिंपांशी वोयतेख नावाचा कोळी उभा होता. लाल नाक, चामड्याचा ओला एप्रन. लेनेने त्याला मेंढी दाखवली. त्याने ती उलटसुलट करून पाहिली.

"मान खाली घातलेली. माझ्या नातीकडे आहे अशीच," तो म्हणाला. "मेंढ्या लाजतात तुझ्या बापाच्या. आई मात्र भाव करताना नाही लाजली हो."

आई इथे बसली होती, याच पिंपापाशी. निम्मी कडी खपली तशी न्युरेंबर्गला जाते म्हणाली. त्याला बरेच दिवस झाले. वोयतेखने लेनेला गरम रश्शाची वाटी दिली. लेनेने ती पिऊन वाटी धुऊन ठेवली, पिंपांभोवतीचा बर्फ झाडला आणि मग दुसरी बी काढली.

न्युरेंबर्गच्या बाजारावर लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या कापडाची छते होती. वर बर्फ, खाली पट्टे, जणू साय घातलेली मिठाईच. हवेत आल्याचा, मधाचा आणि दालचिनीचा वास. सोनेरी कागदाचे देवदूत वाऱ्यावर सळसळत होते. एका टपरीवर सुकवलेल्या आलुबुखारांची माणसे मांडलेली. अंग आलुबुखारांचे, डोके अक्रोडाचे, वर काळी टोपी. कुणी धुराडी साफ करणारा, कुणी गवई, कुणी नवरदेव. ती विकणाऱ्या बाईचे नाव कुनिगुंडे.

कुनिगुंडे म्हणाली की तिची माणसे सर्वांत शहाणी. डोके अक्रोडाचे असल्याने ती बडबड करत नाहीत. लेने हसली. मग तिने मेंढी दाखवली आणि कुनिगुंडेचे हसू गेले. लेनेची आई तिच्या शेजारीच बसली होती. इथे कातारी पुष्कळ, त्यामुळे माल फारसा खपला नाही. कुणी सांगितले, स्ट्रासबुर्गची मुले अशा मेंढ्यांसाठी वेडी होतील. ती तिकडे निघाली.

"मी म्हटलं, बाई, घरी जा," कुनिगुंडे म्हणाली. "खोकत होती गं. सारखी खोकत होती."

लेनेच्या मुठीत दोन बिया उरल्या. तिसरी स्ट्रासबुर्गची. चौथी घरची. आई तिथेही नसली तर पुढे शोधायला काही उरणार नव्हते. तिने तिसरी तळहातावर ठेवली.

स्ट्रासबुर्गचे देऊळ गुलाबी दगडाचे होते. इतके नक्षीदार की ते दगडाचे नसून जाळीचे विणले असावे असे वाटे. त्याच्या पायाशी बाजार भरला होता. हिरव्या माळा, लाल सफरचंदे, काचेचे निळे-चंदेरी गोळे, आणि त्या प्रत्येक गोळ्यात एक छोटीशी उलटी लेने. लेने टपरीमागून टपरी विचारत गेली. शेवटी भाजलेल्या चेस्टनटचा खरपूस वास आला. एका लोखंडी शेगडीमागे एक म्हातारी उभी होती. काळी शाल, हातांना फाटके मोजे, आवाज कावळ्यासारखा. तिचे नाव सालोमे. तिने मेंढी पाहिली, लेनेला पाहिले, आणि चेस्टनट परतायचा झारा खाली ठेवला.

"आलीस होय," ती म्हणाली. "चल."

शेगडीमागे भिंतीला टेकून एक फळ्यांची खोली होती. आत पेंढ्यावर लेनेची आई झोपली होती. गाल तापाने लाल, ओठ कोरडे. लेनेने हाक मारली. आईने डोळे उघडले नाहीत.

सालोमेने सगळे सांगितले. ही बाई पावसात चिंब भिजून आली आणि शेगडीसमोरच कोसळली. तेव्हापासून ती इथे आहे. खोलीत ऊब राहावी म्हणून सालोमेने चूल विझू दिली नव्हती. तिचे हिवाळ्याचे लाकूड खोलीच्या बाहेरच्या भिंतीशी छपरापर्यंत रचलेले होते. आता भिंत उघडी पडली होती. तळाशी थोडेसे ओंडके उरले होते.

"ताठ बाई आहे तुझी आई," सालोमे म्हणाली. "देवाचं नाव घेत नाही तापात. माझ्या लाकडाचं घेते."

तेवढ्यात आई पुटपुटलीच. "लाकूड द्यायचंय. सालोमेचं लाकूड जळतंय."

लेनेने विचारले, आई बरी होईल का. सालोमे खोटे बोलणारी नव्हती. ती म्हणाली, फळ्यांतून वारा येतो, खाली ओल आहे. पक्की भिंत आणि मोठी चूल मिळाली तर होईल. इथे नाही.

लेनेने मूठ उघडली. एक बी होती. एक बी, एक जीव. बाहेर ऊन उतरायला लागले होते आणि देवळाचा गुलाबी दगड केशरी होत होता. उजेड गेला की उद्यापर्यंत बी उडणार नव्हती, आणि उद्यापर्यंत आईचे काय होईल ते कुणी सांगू शकत नव्हते. लेने घाबरली. तिला घर आठवले, बाबा आठवले, त्यांचे सांगणे आठवले. मग तिने बाबांचा गळपट्टा सोडला आणि आईच्या छातीभोवती गुंडाळला. बी तळहातावर घेऊन ती आईच्या उशाशी बसली.

"आमचं घर, चुलीजवळ," ती म्हणाली. "आईला ने."

तिने फुंकर घातली. मधाच्या रंगाचा एक झोत उठला, खोलीभर फिरला आणि पेंढा रिकामा झाला.

सालोमेने विचारले की आता तू कशी जाणार. लेने म्हणाली, ठाऊक नाही. सालोमेबरोबर ती बाहेर आली आणि तिने उघड्या भिंतीकडे पाहिले.

"आजी, हे कुठपर्यंत होतं?"

"वळचणीपर्यंत. पण ते जाऊ दे. पोरीकडून कोण घेतं?"

"जाऊ कसं देऊ? आईने जाळलंय."

आईची टोपली कोपऱ्यात होती. तीत न चिरलेली कडी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी लेने ती घेऊन शेगडीशेजारी बसली. सालोमेची सुरी घेतली. कडे पाहून मुले जमली. हे काय आहे, त्यांनी विचारले. चाक आहे, एक म्हणाला. शिळा पाव आहे, दुसरा म्हणाला. लेनेने सुरी लावली आणि वरून ठोकली. तिने बाबांना पाहिले होते, पण स्वतः कधी चिरले नव्हते. सुरी बाहेरच्या रुंद काठावर लावायची असते. तिने आतल्या काठावर लावली. फाक सुटली, पण मेंढीचे चारही पाय तुटून पडले.

मुले हसली. "शिळ्या पावाचा चतकोर," ती म्हणाली. लेनेचे कान लाल झाले. गर्दीत एक बारकी पोर होती, पिवळ्या टोपीची. तिने ती बिनपायांची मेंढी उचलली आणि बर्फावर ठेवून पाहिली.

"बसलीय ती," ती म्हणाली. "दमली असेल."

मग कुणी हसले नाही. लेनेने सुरी बाहेरच्या काठावर लावली. टक. फाक अलगद बाजूला झाली आणि लाजरी मेंढी उभी राहिली, चार पायांवर, मान खाली घालून. मुलांच्या तोंडून नुसता श्वास निघाला. टक. दुसरी. टक. तिसरी. ते कडे नव्हते, कळपच होता, आणि तो एकेक करून जागा होत होता.

पैसे पुढे आले. लेनेने ते घेतले नाहीत. "एक ओंडका, एक मेंढी," ती म्हणाली. "आईने लाकूड घेतलंय. लाकूडच द्यायचंय."

बाजारात हे वाऱ्यासारखे पसरले. मुले घरी धावली आणि आपापल्या चुलीपाशी ठेवलेले ओंडके घेऊन आली. कुणी काखेत, कुणी घसरगाडीवर, दोघे भाऊ एकच ओंडका दोन्हीकडून धरून. पांढऱ्या सालीचे, तांबड्या सालीचे, राळेचा वास येणारे. ओंडक्यांबरोबर मुलांच्या आया आल्या, आयांनी चेस्टनट घेतले. सालोमे कुरकुरत म्हणाली की या पोरीने तिला म्हातारपणी पळायला लावले. पण ती हे म्हणताना दर वेळी एक टपोरा चेस्टनट सोलून लेनेच्या तोंडात घाली.

लेने रोज ओंडके रचायची. भिंत चढत गेली. रोज उजेड जाता जाता ती घराच्या दिशेला बघत उभी राही. आई बरी झाली की नाही, हे तिला कुणी सांगत नव्हते.

नाताळच्या आदल्या दिवशी शेवटचे कडे संपले. वळचणीखाली एक जागा उरली, एका ओंडक्याएवढी.

सालोमे म्हणाली की एकाने काही बिघडत नाही. लेने खोलीत फावडे आणायला गेली. तेव्हा तिला दिसले. आई जिथे झोपली होती तिथला पेंढा हलत होता. त्यातून एक हिरवा कोंब वर येत होता. तो बोटाएवढा झाला, मग हाताएवढा, मग लेनेएवढा. प्रत्येक पानाच्या टोकाला उजेडाचा एक थेंब. लाल, निळे, केशरी, मोतिया. फळ्यांच्या त्या काळोख्या खोलीत इंद्रधनुष्य सांडल्यासारखे झाले. शेंड्यावर परी बसली होती.

लेनेने पहिल्यांदा विचारले ते आईचे. परी म्हणाली, ताप उतरलाय, कालच उठून बसली.

"तू स्वतःसाठी बी वापरलीस तेव्हा ती तुला पोचवून संपली," परी म्हणाली. "दुसऱ्यासाठी दिलेली बी संपत नाही, बाळ. ती उगवते. चल, मी तुला न्यायला आलेय."

"थोडं थांबशील, परीताई? एक ओंडका राहिलाय."

परी हसली. ती रानाची परी होती. एका टिचकीत तिने खोली लाकडाने भरली असती, आणि तसे ती म्हणालीही.

"तू भरलंस तर ते तुझं होईल," लेने म्हणाली. "ते मलाच द्यायचंय."

परीने हात मागे घेतले. लेने फावडे घेऊन बाहेर गेली. समोर वाफल विकणाऱ्याच्या टपरीपुढे बर्फ साचला होता. तिने तो सगळा काढला. तिचे हात लाल झाले, नाक लाल झाले. वाफलवाल्याने मजुरी विचारली. तिने एक ओंडका मागितला. तो ओंडका दोन्ही हातांनी उचलून, टाचा उंच करून, तिने वळचणीखालच्या जागेत सरकवला. तो घट्ट बसला.

सालोमे दारात उभी होती. तिने भिंतीवरून हात फिरवला, वरपासून खालपर्यंत. मग तिने लेनेला जवळ घेतले आणि तिच्या केसांतला भुसा झटकत राहिली, खूप वेळ.

"जा आता," ती म्हणाली. "दिवस आहे तोवर जा."

देवळाच्या घंटा वाजू लागल्या. परीने पंख पसरले. झाडावरचे सगळे थेंब एकदम उजळले आणि त्या उजेडात फळ्या दिसेनाशा झाल्या, बाजार दिसेनासा झाला, परी स्वतःही उजेडच झाली. आधी सोनेरी, मग पांढरी, मग नुसती एक उबदार झुळूक. आणि मग तीही नाही.

लेने आपल्या घरात उभी होती. खिडकीबाहेर बर्फावर संध्याकाळचे ऊन होते. बाबा खिडकीशी होते. ते वळले, त्यांनी तिला पाहिले आणि दुखऱ्या हातासकट दोन्ही हातांनी उचलून घेतले. त्यांनी तिला आईच्या मांडीवर नेऊन ठेवले.

आई चुलीजवळ बसली होती. फिकट होती, पण डोळे स्वच्छ होते. गळ्याभोवती बाबांचा गळपट्टा होता. तिने लेनेचे लाल हात आपल्या हातांत घेतले, उलटे केले, बोटांत गेलेले लाकडाचे बारीक काटे पाहिले. एकेक काढू लागली. काढता काढता थांबली.

"सालोमेचं लाकूड?"

"फेडलं, आई."